देवाने टाकलेलीने जावं कुठं?

मैत्रिणींनो, संध्याकाळी दिवा लावताना कधी तुमचा हात मध्येच थांबलाय का? वात तेलात भिजवून झालेली, काडी हातात, आणि मनात एकदम येतं, हे मी कोणासाठी करते आहे? तिकडे कोणी आहे का? आणि असेल, तर त्याने आमच्याच घराकडे पाठ का फिरवली?

असं मनात आलं की आपण दचकतो. पटकन काडी ओढतो, दिवा लावतो, दोन जास्तीचे नमस्कार घालतो. शेजारणीला सांगत नाही, नवऱ्याला सांगत नाही. सासूला सांगायचा तर प्रश्नच नाही! पण आमच्या घरी उलटं झालं. देवावर रुसून बसल्या त्या आमच्या सासूबाईच. त्यांची हकीकत त्यांच्या परवानगीने आज तुम्हाला सांगते आहे. “लिही, पण माझं नाव नको घालूस,” एवढीच त्यांची अट.

आम्ही शेलूला राहतो. कर्जत लोकलने येणाऱ्यांना ठाऊक असेल, वांगणी गेलं की शेलू आणि मग नेरळ. एका अंगाला उल्हास नदी, दुसऱ्या अंगाला माथेरानचा डोंगर. आता इमारती खूप झाल्या, स्टेशनाबाहेर गर्दी वाढली, तरी पावसाळ्यात भाताची खाचरं अजून दिसतात. त्यांतलंच एक लहानसं खाचर आमचं. २०१६ च्या पावसाळ्यात धाकटे दीर त्यात लावणीला उतरले होते. चोविसावं वर्ष, लग्नाचं बघणं चाललेलं. लावणी झाल्यावर आठवड्याभरात ताप आला. पोटऱ्या दुखतात म्हणाले. चिखलात राबल्यामुळे दुखत असतील, असं म्हणून आम्ही तेल चोळलं. दोन दिवस तापाच्या गोळ्या दिल्या. डोळे लाल झाले, मग पिवळे. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा लेप्टो असल्याचं निदान झालं, आणि मूत्रपिंडं तोवर थकली होती. पाच दिवसांत सगळं संपलं.

(मध्येच एक सांगून घेते, कारण हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात चिखलपाण्यात काम करणाऱ्या माणसाला ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर घरी गोळ्या देत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि शेतात उतरला होता हे आवर्जून सांगा. लवकर कळलं तर या आजारावर औषध आहे.)

कार्ल्याची एकवीरा ही आमची कुलस्वामिनी. त्या पाच दिवसांत सासूबाईंनी तिला नवस बोलला होता. लाल फडक्यात नारळ बांधून देव्हाऱ्यात ठेवला होता. पोरगं घरी आलं की त्याला घेऊन गड चढायचा आणि नारळ फोडायचा. जन्मभर त्यांनी एक एकादशी चुकवली नव्हती. आंघोळ करून देवपूजा केल्याशिवाय चहाचा घोट घेतला नव्हता. बाराव्या-तेराव्याचं सगळं झालं, पाहुणे पांगले, आणि चौदाव्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आले तर देव्हारा रिकामा! अन्नपूर्णा, बाळकृष्ण, टाक, शंख, घंटा, सगळं एका धोतराच्या तुकड्यात गुंडाळून त्यांनी पत्र्याच्या डब्यात घातलं होतं आणि डबा माळ्यावर ठेवून दिला होता. आत राहिला होता तो फक्त लाल फडक्यातला नारळ.

मी काही विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, “नवऱ्याने टाकलेली बाई माहेरी तरी जाते गं. देवाने टाकलेलीने जावं कुठं?”

हे वाक्य मी आजवर विसरले नाही. ‘टाकलेली’ हा शब्द आपल्या बायकांच्या तोंडी किती सहज येतो! अमकीला नवऱ्याने टाकलं. त्यात एक नकळत ठपकाही असतो, तिचंच काही चुकलं असणार. देवाने टाकलं म्हणणाऱ्या बाईच्या मनातही तोच ठपका असतो. तिला वाटतं, माझंच काही राहिलं. कुठलं व्रत अर्धवट सुटलं? कुणाचा तळतळाट लागला? दुःखाच्या जोडीला ही लाज. आणि येणारी-जाणारी माणसं ती लाज वाढवतात.

आमच्याकडे आलेल्यांनी काय काय सांगितलं म्हणून सांगू! जो देवाला आवडतो तो लवकर जातो. मागच्या जन्मीचं देणं होतं, फिटलं. कुलदेवीला जायचं राहिलं होतं का? सोमवार मोडले होते का? वाईट हेतूने कोणीच बोललं नाही. रिकाम्या हाताने यायचं नाही म्हणून आपण बिस्किटांचा पुडा आणतो ना, तसंच रिकाम्या तोंडाने बसायचं नाही म्हणून माणसं असं काहीतरी बोलतात. दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू? मी स्वतः काय केलं! महिन्याभराने, त्या डब्याकडे बघवेना म्हणून, मी म्हटलं, “आई, देव परीक्षा बघतो आपली.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे, परक्या माणसाकडे बघावं तसं. नंतर चार दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मला अजून त्या वाक्याची शरम वाटते. ज्याचा मुलगा गेला त्याला ‘परीक्षा’ म्हणायचं? आणि पोर मारून परीक्षा घेणारा मास्तर कोणाला हवा आहे?

मी कल्याणला नोकरी करते. जाता-येता गाडीत बसायला मिळालं तर वाचते. त्या दिवसांत मैत्रिणीने संत बहिणाबाईंचे अभंग वाचायला दिले. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, हे आधी सांगायला हवं, कारण माझीही गल्लत झाली होती. त्या १८८० ते १९५१ या काळातल्या. मी सांगते आहे त्या बहिणाबाई तुकोबांच्या शिष्या, १६२८ साली वेरूळजवळच्या देवगावला जन्मलेल्या. त्यांनी आपली जीवनकथा स्वतःच अभंगांतून सांगून ठेवली आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका बाईने स्वतःचं आयुष्य स्वतःच्या तोंडाने सांगावं, याचंच मला नवल वाटलं. भक्तीची गोडगोड गाणी असतील अशा समजुतीने मी पुस्तक उघडलं, आणि बदलापूर येईपर्यंत माझे डोळे भरून आले होते.

अगदी न कळत्या वयात त्यांचं लग्न झालं, नवरा तीस वर्षांचा बिजवर. भाऊबंदकीच्या कटकटींमुळे सगळ्या कुटुंबाला गाव सोडावं लागलं. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असं करत, लोकांच्या आसऱ्याने राहत ते कोल्हापूरला पोहोचले. तिथे एका ब्राह्मणाच्या घरी त्यांना राहायला जागा मिळाली आणि एक गाय मिळाली. गाईला कालवड झाली. त्या कालवडीला या मुलीचा असा लळा लागला की तिच्याशिवाय ते वासरू चारा खाईना, पाणी पिईना. मुलीचं वय तेव्हा जेमतेम अकरा-बारा. आपल्याकडे या वयाची मुलगी सहावीत असते!

कोल्हापुरात तेव्हा जयरामस्वामींची कीर्तनं चालत. ही मुलगी कीर्तनाला जाई आणि वासरू तिच्या मागोमाग. एके दिवशी गर्दीत वासराची अडचण होते म्हणून त्याला बाहेर काढलं, तर ते हंबरू लागलं. स्वामींनी वासराला आत आणवलं आणि वासरू व मुलगी, दोघांच्याही डोक्यावरून हात फिरवला. एवढंच घडलं. पण गावात बोलबाला झाला, आणि तो नवऱ्याच्या कानावर गेला. त्याने तिला वेणी धरून मारलं, बांधून घातलं. पुढे ते वासरू मेलं. मुलगी बेशुद्ध होऊन पडून राहिली.

तिच्यापाशी काय काय उरलं होतं, बघा. वेद बाईला वर्ज्य. त्याची खंत तिने अभंगांतून उघड बोलून दाखवली आहे, बाईचा जन्म देऊन तू मला तुझ्यापासूनच लांब का ठेवलंस, असा तिचा सवाल आहे. कीर्तन बंद. घराबाहेर जाणं बंद. जीव लावलेलं एक मुकं जनावर होतं, तेही गेलं. आईबाप होते, पण तेही जावयाच्या आधाराने राहणारे, बोलतील काय? देवाकडे जाण्याचे बाहेरचे जेवढे म्हणून रस्ते होते ते एकेक करून बंद झाले. आणि अशा अवस्थेत, शुद्धीच्या अलीकडे-पलीकडे असताना, तिला तुकोबा दिसले. ज्यांना तिने डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं, ज्यांचे अभंग फक्त कानावर पडले होते, जे दूर देहूला होते, त्यांनी मंत्र दिला, असं ती सांगते.

स्वप्न होतं की साक्षात्कार, यावर विद्वान बोलतील. मला तिथे एक साधी गोष्ट दिसली. मारणाऱ्याचा हात पोहोचला नाही अशी एक जागा त्या मुलीच्या आत होती. ती जागा कोणी दिली नव्हती, म्हणून कोणाला काढूनही घेता आली नाही. सगळं ठीक चाललं असतं, कीर्तनं मिळाली असती, वासरू जगलं असतं, तर कदाचित ती जागा तिला इतक्या लवकर सापडलीही नसती. पण म्हणून तिला मारलं ते बरं झालं, असं मी म्हणणार नाही. कोणी म्हणू नये.

पुढेही तिचे हाल थांबले नाहीत. बायकोच्या भक्तीला वैतागून नवरा तिला सोडून निघाला होता. ती तेव्हा गरोदर. ‘टाकलेली’ होण्याची वेळ तिच्यावर खरोखर आली होती! निघण्याच्या वेळी तोच आजारी पडला, तिने त्याची महिनाभर शुश्रूषा केली, आणि तो बदलला. मग सगळे देहूला गेले, तिथे मंबाजीचा त्रास. त्यांनी नंतर पतिव्रताधर्मावरही बरंच लिहिलं आहे, आणि खरं सांगायचं तर ते मला पटत नाही. तुम्हालाही पटायचं नाही. तो काळच वेगळा होता. आज कोणाच्या घरी मारहाण होत असेल तर मैत्रिणींनो, आतली जागा शोधत बसू नका. आधी दाराबाहेर पडा. घरातल्या छळाविरुद्ध २००५ सालचा कायदा आहे, १८१ हा महिलांच्या मदतीचा नंबर आहे. देव कुठे जात नाही, तो नंतरही भेटेल.

मग मी तुकोबांचं चरित्र काढून वाचलं. आपण तुकाराम बीजेला पुरणपोळी करतो, विमानाचं चित्र बघतो, आणि मधलं सगळं विसरतो. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली. मुलगा गेला. वाण्याचं दुकान बुडालं. हा माणूस तेव्हा डोंगरावर जाऊन बसला. पुढे अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायची पाळी आली, तेव्हा नदीकाठी तेरा दिवस अन्नपाण्याशिवाय धरणं धरून बसले. त्या आणि तशाच वेळचे अभंग वाचा, म्हणजे आमच्या सासूबाई देवाला काहीच बोलल्या नाहीत असं तुम्हाला वाटेल! तू आहेस की नाहीस इथपर्यंत विचारून झालेलं आहे. जनाबाई तर विठोबाला घरच्या गड्यासारखं अरे-तुरे करून, चिडून बोलते. आणि या सगळ्यांना आपण संत म्हणतो. कोणी त्यांना ‘तुमचे सोमवार मोडले होते का?’ असं विचारत नाही.

दुसऱ्या धर्मातही हेच. मदर तेरेसांची खाजगी पत्रं त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा जग चकित झालं. कलकत्त्याच्या रस्त्यावरची माणसं उचलून आणणारी ही बाई, जवळजवळ पन्नास वर्षं, मधला थोडा काळ सोडला तर, देव आपल्याशी बोलत नाही, आत नुसता अंधार आहे, असं आपल्या धर्मगुरूंना लिहीत होती. आणि पहाटे उठून पुन्हा कामाला लागत होती. ‘ढोंग’ म्हणणारेही काही निघाले. मला ते तसं वाटलं नाही. ज्याच्याशी आपलं काही नातंच नाही, त्याच्या न बोलण्याचं पन्नास वर्षं कोणाला दुःख होईल?

हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं का? नाही. एकदा हात पोळला होता. पुस्तक फक्त खिडकीत ठेवलं. त्यांनी ते उघडलं नाही. तेव्हा माझ्या वाचनाने त्या सावरल्या असं कृपा करून समजू नका. त्या सावरल्या वालाच्या बिरड्याने!

हसू नका, खरंच सांगते. आमच्याकडे कडवे वाल भिजत घालून, मोड आणून सोलतात, हे रायगडातल्या मैत्रिणींना सांगायला नको. एकेक दाणा सोलायचा. चार माणसांचं बिरडं म्हणजे तासाभराची बैठक. रविवार होता, दीर जाऊन दहा-अकरा महिने झाले होते. आम्ही दोघी ओट्यावर परात घेऊन बसलो होतो. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, नामस्मरण सुरू झालं की काय! मी हळूच विचारलं, “आई, काय म्हणताय?”

“शिव्या देतेय,” त्या म्हणाल्या.

“कोणाला?”

“आणखी कोणाला? त्यालाच.” आणि डोळ्यांनी वर माळ्याकडे दाखवलं. “सकाळी उठल्यापासून देते. भांडी घासताना, नळावर, रात्री झोप येईस्तवर. आजच काय, पोरगं गेल्यापासून रोज.”

मी गप्प सोलत राहिले. थोड्या वेळाने त्यांचेच हात थांबले. सोललेला वाल दोन बोटांत तसाच. म्हणाल्या, “आधी मी त्याच्यापाशी दिवसातनं अर्धा तास बसायचे. आता तर दिवसभर त्याला सोडत नाय. मग टाकलं कोणी कोणाला?”

मी काही बोलले नाही, बोलायला सुचलंही नसतं. त्याही पुढे काही बोलल्या नाहीत. बिरडं सोलून झालं, नारळाचं वाटण झालं, जेवणं झाली.

त्या रात्रीपासून मात्र एक फरक पडला. झाकपाक झाली की त्या ओट्यावर येऊन बसायला लागल्या. माळ नाही, पोथी नाही, डोळेही मिटलेले नाहीत. नुसत्या बसायच्या. रात्रीची कर्जत लोकल खडखडत जायची, मग बेडकांचा आवाज पुन्हा सुरू व्हायचा. अर्धा-पाऊण तास. सुरुवातीला मला काळजी वाटली. एक दिवस जवळ जाऊन बसले आणि विचारलं, काय करता इथे बसून?

त्यांनी जे सांगितलं ते जमेल तसं मांडते. त्या म्हणाल्या, सुरुवातीला पोराचा चेहरा समोर येतो. मग शिव्या येतात. मग रडू येतं. ते सगळं येऊ देते, आवरत नाही. त्यानंतर कधीकधी असं होतं की रडणारी मी वेगळी आणि हे सगळं बघणारं आत कोणीतरी वेगळं, असं वाटतं. ते रडत नाही. ते मला गप्प बस असंही म्हणत नाही. जात्याचा खुंटा जसा मधोमध असतो ना, सगळं जातं फिरतं आणि तो तिथेच, तसं. “ते पोरगं जायच्या आधीपण असणार. मला फुरसत नव्हती बघायला. मी घंटा वाजवत होते.”

अध्यात्माच्या पुस्तकांतून साक्षी, आत्मभान असे मोठाले शब्द येतात, ते मी वाचलेले होते. पण चौथी शिकलेल्या बाईने जात्याच्या खुंट्याएवढ्या सोप्या भाषेत ते सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. देव बाहेर आहे, तो माझं राखणार आहे, मी त्याचं एवढं केलं की तो माझं एवढं करणार आहे, असा आपला एक हिशेब असतो. वाण्याच्या वहीसारखा. एक दिवस तो हिशेब असा काही चुकतो की वहीच फाटते. तेव्हा आपण म्हणतो, देव गेला. गेलेली असते ती वही.

दुःख कमी झालं का? तुम्ही विचारालच. नाही. दिराच्या वयाची मुलं नवरदेव होऊन गावातून वाजतगाजत गेली की त्या अजून आत येऊन बसतात. गणपतीत आरतीला उभ्या राहतात, पण एका ठरावीक आरतीला त्यांचा आवाज थांबतो. ती दिरांची आवडती. पण ‘मला टाकलं’ हे वाक्य मात्र मी त्यानंतर ऐकलं नाही.

इथे मला एका गोष्टीबद्दल सावध राहायचं आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकरांची वाडी, माणसं झोपेत होती. २७ मृतदेह मिळाले. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा ५७ माणसं सापडायची राहिली होती. भर पावसात मदतीला गेलेल्यांना चढ पायी चढावा लागला, तिथे यंत्र नेता येईना. त्या दिवसांत नळावर, गाडीच्या बायकांच्या डब्यात सगळीकडे एकच प्रश्न होता, देव कुठे होता? एकीने आमच्या सासूबाईंना विचारलं, तुम्ही तर यातून गेलात, तुम्ही सांगा. सासूबाई म्हणाल्या, “मला माझं कळलं, तेपण थोडं. त्यांचं मी काय सांगू? त्यांना आता चादरी लागतील.” आणि घरातल्या दोन चादरी घडी करून मदत गोळा करणाऱ्या मुलांकडे दिल्या.

मला वाटतं, आतली जाणीव वगैरे जे म्हणतात त्याचा हा नियमच आहे. ती आपल्यापुरती सापडते. दुसऱ्याच्या दुःखावर ती औषध म्हणून चोळता येत नाही. डोंगर कोसळतो तो पावसाने, उतारामुळे, सुटलेल्या मातीमुळे. त्यात मेलेल्यांचं कर्म शोधणं हे पाप आहे असं मी म्हणेन. आणि लेप्टो होतो तो जंतूने.

तेव्हा तुमच्या ओळखीत कोणी असं देवावर रुसून बसलं असेल तर तिला देवळात ओढून नेऊ नका. तिच्याकडे जा, डबा घेऊन जा, आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्या. लोक नाव घेणं टाळतात. आईला ते ऐकायचं असतं. ती देवाला बोलली तर दचकू नका, कानांवर हात ठेवू नका. ती बोलते आहे तोवर ठीक आहे. आणि तुम्ही स्वतःच त्या जागी असाल तर दिवा लावायची सक्ती स्वतःवर करू नका. दिवसातली थोडी वेळ, हवं तर झाकपाक झाल्यावर, काही न करता बसा. पहिले कितीतरी दिवस काहीच होणार नाही. वालाला मोड यायलाही वेळ लागतो. जे येईल ते येऊ द्या, आणि ते कोणाला कळतं आहे, तिकडे एकदा बघा.

पण एक. हे सगळं झोप लागते, दोन घास जातात अशा बाईसाठी सांगते आहे. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जेवण सुटलं असेल, जगून काय करायचं असं मनात येत असेल, तर तो प्रश्न देवाचा राहिलेला नाही, डॉक्टरांचा आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. सरकारची टेली-मानस म्हणून फोनसेवा २०२२ पासून आहे, नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा नंबर दळणाच्या डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. आमच्याकडे आहे.

अरे हो, त्या नारळाचं सांगायचं राहिलंच. दिरांच्या वर्षश्राद्धानंतर सासूबाईंनी एका सकाळी मला स्टुलावर चढून डबा काढायला लावला. देव चिंचेने घासले, लख्ख केले, देव्हाऱ्यात मांडले. घंटा तेवढी परत डब्यात टाकली. ती आजही डब्यातच आहे. मग लाल फडकं सोडलं. वर्षभरात नारळ आत सुटा होऊन खडखडत होता, पार गोटा झालेला. मी म्हटलं, “एकवीरेला नेऊन वाहूया का?”

“कशाला? नवस फळला नाय, नारळ माझा,” त्या म्हणाल्या. उंबऱ्यावर फोडला, खोबऱ्याचा एक तुकडा देवापुढे ठेवला, आणि बाकीचं मला दिलं. मे महिना होता, मसाल्याच्या मिरच्या अंगणात वाळत पडल्या होत्या. ते खोबरं किसून, भाजून आम्ही त्या वर्षीच्या मसाल्यात घातलं.